जुन्या साडीची स्क्रंची शिवणीलगत पुन्हा पुन्हा का फाटते, आणि काय करावे

जुन्या रेशमी साडीतून घरी शिवलेली स्क्रंची (केस बांधायचे, आत इलॅस्टिक असलेले चुणीदार कापडी कडे) पहिल्या दिवशी फार सुरेख दिसते, आणि आठ-दहा वेळा केसांना लावली की तिच्या शिवणीलगत एक बारीक चीर दिसू लागते. ती चीर शिवून घेतली, तर चार दिवसांत तिच्या शेजारीच दुसरी पडते. घरगुती शिवणकाम करणाऱ्या बहुतेक जणी याचे खापर स्वतःच्या हातावर किंवा मशीनवर फोडतात आणि पुढच्या वेळी अधिक बारीक टाके, अधिक पक्का दोरा आणि दुहेरी टीप असा उपाय करतात. मीही बराच काळ तेच करत होते. त्यामुळे फाटणे कमी होत नाही, उलट वाढते, हे समजायला मला एक अख्खी संक्रांत खर्ची घालावी लागली.

दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा घरच्याच साड्यांच्या स्क्रंच्या वाण म्हणून द्याव्यात, असे मी ठरवले. सासूबाईंच्या दोन रेशमी साड्या नेसण्याजोग्या राहिल्या नव्हत्या, पण कोणाला टाकवतही नव्हत्या. त्यांतून छत्तीस स्क्रंच्या निघाल्या. रथसप्तमीनंतर महिन्याभराच्या आत त्यांपैकी अकरा माझ्याकडे परत आल्या. तक्रार कोणीच केली नाही. सदाशिव पेठेतल्या नणंदेने तर ‘वहिनी, एवढी शिवून द्या, मला हीच हवी आहे, आईच्या साडीची’ असे सांगून ती पाठवली, आणि त्या शब्दांमुळेच मला ते काम निस्तरल्याशिवाय राहवेना.

त्या अकराही स्क्रंच्या मी सकाळच्या उन्हात गॅलरीतल्या टेबलावर उलट्या करून मांडल्या. अकरांपैकी दोनच खऱ्या अर्थाने उसवलेल्या होत्या, म्हणजे दोरा तुटून टाके सुटले होते. उरलेल्या नऊंमध्ये टाक्यांची ओळ जशीच्या तशी शाबूत होती आणि तिच्यापासून एक-दोन मिलिमीटरवर कापडच फाटले होते. या नऊंपैकी सहांमध्ये चीर जिथून सुरू झाली होती, तिथे कापडावर आडवी, फिकट, किंचित चकाकणारी एक रेघ होती. ती साडीच्या घडीची रेघ होती. कपाटात वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेली साडी त्या रेघेवर आतून तुटत आलेली असते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, कारण तोवर त्या रेघेवर ताण आलेला नसतो.

यात थोडा हिशेबही आहे. साडेपाच मीटरची साडी लांबीत चार वेळा दुमडली, तर घडी साधारण ३४ सेंटीमीटरची होते, म्हणजे साडीवर दर ३४ सेंटीमीटरला एक घडीची रेघ असते. स्क्रंचीसाठी आपण सहसा ५५ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद पट्टी कापतो. अशी पट्टी साडीच्या लांबीच्या दिशेने कुठूनही कापली, तरी तिच्यात निदान एक घडी येतेच. मी छत्तीसच्या छत्तीस पट्ट्या तशाच कापल्या होत्या.

उपाय शोधण्याआधी आपल्या स्क्रंचीला नेमके काय झाले आहे ते ओळखावे. त्यासाठी मराठीत तीन वेगळे शब्द आधीपासून आहेत. टाके सुटले असतील तर शिवण उसवली. टाके आणि कापड दोन्ही शाबूत असून शिवणीलगत जाळीसारखी फट दिसत असेल, तर धागे सरकले. आणि कापडाचे धागेच तुटले असतील, तर कापड विरले. उसवलेल्या शिवणीवर पुन्हा टीप मारणे योग्य आहे. सरकलेल्या किंवा विरलेल्या कापडावर पुन्हा टीप मारणे म्हणजे त्याला आणखी भोके पाडणे होय. विरलेल्या कापडावर मशीनची सुई जितक्या जवळजवळ पडते, तितकी ती शिवण टपालाच्या तिकिटांमधल्या छिद्रांच्या ओळीसारखी होते आणि त्याच ओळीवर कापड अलगद सुटते.

रेशीम विरते कशाने, हे माहीत असेल तर साडीतला कोणता भाग घ्यावा हे आपोआप कळते. रेशीम हे आपल्या केसांप्रमाणेच प्रथिनांचे बनलेले असते. कडक ऊन, घाम आणि सोड्यासारखे क्षारयुक्त साबण या तिन्हींनी ते कमजोर होते. म्हणून कमरेला खोचलेला पट्टा, बसताना ताणला जाणारा मागचा भाग, जमिनीला आणि चपलेला घासणारी खालची कड आणि पिनांची भोके पडलेला खांद्यावरचा भाग हे स्क्रंचीसाठी वगळावेत. निऱ्यांच्या आतला भाग सहसा सर्वांत ताजा असतो. काठ आणि अंगाचे कापड जिथे जुळते ती रेघही धोक्याची असते, कारण जरीचा काठ जड आणि ताठ असतो आणि वर्षानुवर्षे त्याचा भार शेजारच्या पातळ रेशमावर पडलेला असतो. काठाची स्क्रंची मनापासून हवीच असेल, तर पूर्ण पट्टी काठाचीच घ्यावी. अर्धी काठाची आणि अर्धी अंगाची घेऊ नये. मात्र हातमागावरच्या खऱ्या पैठणीला, जिच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, माझ्या मते कात्री लावूच नये. ती जीर्ण झाली असली तरी तिचा पदर आणि काठ दुसऱ्या साडीला लावता येतात, आणि ते काम करणारे कारागीर अजून आहेत.

कापण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली, साडी खिडकीवर पडद्यासारखी धरून उजेड आरपार पाहावा. जिथे कापड विरळ दिसते, तिथे खडूने खूण करावी. दुसरी चाचणी धाग्याची, आणि ती मला अधिक भरवशाची वाटते. कापलेल्या कडेतून आडवा एक धागा आणि उभा एक धागा बोटभर लांबीचा ओढून काढावा आणि दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून सावकाश ताणावा. जिवंत रेशमाचा धागा तुटण्यापूर्वी बोटात रुततो, थोडा ताणला जातो आणि मग तुटतो. विरलेला धागा भाजलेल्या शेवईसारखा कटकन मोडतो. सासूबाईंच्या जांभळ्या साडीचा उभा धागा उत्तम होता आणि आडवा धागा मात्र शेवईसारखा मोडत होता. ही चाचणी मी आधी केली असती, तर त्या साडीतून स्क्रंच्या न काढता ती उशीच्या अभ्र्यावर नक्षी म्हणून लावली असती, जिथे तिला कसलाही ताण पडला नसता. कापड रेशीम आहे की पॉलिस्टर याची शंका असेल, तर दोन-तीन धागे चिमट्यात धरून सिंकजवळ जाळून पाहावेत. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. पॉलिस्टर असेल तर विरण्याची चिंता जवळजवळ उरत नाही, फक्त कडेचे धागे सुटण्याची उरते.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन यांना स्क्रंचीचे पेटंट १९८७ मध्ये मिळाले, आणि त्यांना ही कल्पना पायजम्याच्या कमरेच्या इलॅस्टिक पट्ट्यावरून सुचली होती. ते लक्षात ठेवले की स्क्रंचीची सगळी रचना कळते. पायजम्याच्या पट्ट्यात ताण इलॅस्टिक घेते. कापड त्याच्यावर नुसते चुण्या पडून बसलेले असते आणि इलॅस्टिक ताणले की चुण्या उलगडतात. स्क्रंचीतही कापडाने केवळ उलगडायचे असते, ओढ सोसायची नसते. आपले कापड फाटते याचा अर्थ कुठेतरी ओढ कापडावर आली आहे.

ती येते बहुधा दोन ठिकाणी. पहिले, कापड वाचवण्यासाठी पट्टी आखूड घेतली जाते. इलॅस्टिक १८ सेंटीमीटरचे असेल तर ते ताणून ३६ सेंटीमीटरपर्यंत सहज जाते. पट्टी ३५ सेंटीमीटरचीच असेल, तर शेवटचा हिसका कापडाला बसतो, आणि जाड वेणीला दोन वेढे घेताना तो रोजच बसतो. पट्टीची लांबी इलॅस्टिकच्या तिप्पट ठेवावी. नव्या कापडात अडीच पट चालते, जुन्यात चालत नाही. घडीची रेघ टाळण्यासाठी एकच लांब पट्टी न घेता दोन घड्यांच्या मधले २९-३० सेंटीमीटरचे दोन तुकडे जोडावेत. दोन्ही जोडांच्या शिवणी जाऊन गोल स्क्रंची साधारण ५५ सेंटीमीटरची होते. जोड दिसेल ही भीती अनाठायी आहे, तो चुण्यांत हरवतो.

दुसरे ठिकाण म्हणजे शेवटची, तोंड बंद करणारी शिवण. इलॅस्टिक घालून झाल्यावर उरलेली दोन बोटांची फट घाईने मशीनवर वरूनच टीप मारून बंद केली जाते, आणि त्या टिपेत आतले इलॅस्टिकही शिवले जाते. मग इलॅस्टिक जितक्या वेळा ताणले जाईल तितक्या वेळा त्या एकाच जागी कापड ओढले जाते. माझ्या दोन उसवलेल्या स्क्रंच्यांचे कारण हेच होते. ही फट सुईने, हातशिलाईने, आडवे छोटे टाके घालून बंद करावी, आणि इलॅस्टिक आत मोकळे फिरते आहे याची बोटाने चाचपून खात्री करावी. हातशिलाईचा आणखी एक फायदा असा की पुढे इलॅस्टिक सैल पडले, तर तेवढे टाके उसवून ते बदलता येते.

एवढे केल्यावरही जुन्या रेशमाला थोडी ओढ सोसावी लागतेच, कारण केसांतून स्क्रंची काढताना आपण ती कापडाला धरूनच ओढतो. यावरचा इलाज मला माझ्या आत्याकडून मिळाला. ती धायरीला राहते आणि आयुष्यभर गोधड्या शिवत आली आहे. फाटलेली स्क्रंची तिने हातात घेतली, उलटी केली, आणि म्हणाली, ‘अगं, हिला आत काहीच नाही. विरलेल्या लुगड्याला एकटं कधी ठेवायचं नसतं.’ गोधडीत जुने लुगडे वर असते, पण टिकते ते आतल्या थरांमुळे आणि सगळ्या थरांना एकत्र धरणाऱ्या धावदोऱ्यामुळे. वरच्या कापडाचे काम फक्त दिसण्याचे आणि स्पर्शाचे असते.

तेव्हापासून मी प्रत्येक रेशमी पट्टीला सुती अस्तर देते. अस्तरासाठी मऊ मलमल किंवा नरम पडलेल्या सुती साडीचा मजबूत भाग घ्यावा. फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) किंवा बकरम (कडक अस्तर) घेऊ नये, कारण त्याने स्क्रंची ताठ होते आणि चुण्या नीट पडत नाहीत. मुख्य गोष्ट अशी की अस्तर रेशमापेक्षा तीन-चार मिलिमीटर अरुंद कापावे आणि दोन्हींच्या कडा जुळवून कच्चा टाका घालावा. असे केल्याने रेशीम अस्तरावर किंचित सैल राहते आणि ओढ आली की ती आधी अस्तराला जाणवते. दोन्ही सारख्याच मापाचे कापले, तर अस्तराचा अर्धा उपयोग वाया जातो. मग दोन्ही थर एकच कापड समजून लांबीत दुमडावेत, सुलट बाजू आत ठेवून टीप मारावी आणि नळी उलटी करावी. उलटी करताना सेफ्टी पिन अस्तराच्या टोकाला टोचावी, रेशमाच्या नाही. नळी ओढून बाहेर काढताना जो जोर लागतो, तो संपूर्ण स्क्रंचीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा असतो, आणि कित्येकदा पहिली अदृश्य चीर तिथेच पडते.

सुई-दोऱ्याबद्दल माझे मत अनेकींना उलटे वाटेल. घरच्या मशीनला बहुधा १६ किंवा १४ नंबरची सुई कायमची लावलेली असते. १६ नंबरची सुई एक मिलिमीटर जाड असते, ११ नंबरची ०.७५ मिलिमीटर. रेशमाला ११ किंवा ९ नंबरचीच सुई लावावी आणि ती नवी असावी, कारण बोथट सुई धाग्यांमधून वाट न काढता धागेच तोडते. शिवताना टकटक असा आवाज आला तर सुई बदलायची वेळ झाली आहे. पुण्यात रविवार पेठेत शिवणसाहित्याच्या दुकानात नंबर सांगून या सुया मिळतात. टाका इंचाला दहाच्या आसपास असावा, त्याहून बारीक नको. आणि दोरा कापडापेक्षा कमजोर असावा. जाड पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण ताण आला की विरलेल्या रेशमाला करवतीसारखा कापतो. साधा बारीक सुती दोरा अशा वेळी स्वतः तुटतो आणि कापड वाचवतो. तुटलेली टीप पुन्हा घालता येते.

शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेली कापडाची कड, किती ठेवावी हेही इथेच सांगायला हवे. पाव इंच मायेत धागे सरकण्याचा दोष हमखास येतो, विशेषतः साटिनसारख्या गुळगुळीत विणीत, कारण शिवणीला समांतर असलेले धागे ओढीने बाजूला घसरतात आणि त्यांना अडवायला पलीकडे पुरेसे धागेच नसतात. जुन्या कापडात अर्धा इंच माया ठेवावी. पट्टी तिरपी, म्हणजे क्रॉस कापली तर सरकणे जवळजवळ थांबते आणि कडेचे धागेही कमी सुटतात, पण कापड बरेच जास्त लागते. एखाद्या लहान तुकड्यातून हेअरबँड काढताना ते परवडते, छत्तीस स्क्रंच्यांना परवडत नाही.

खणाचे कापड सध्या पुण्यात सगळ्यांना हवे असते, आणि जुन्या चोळ्यांतून खणाचे तुकडेही घरोघरी निघतात, म्हणून त्याचा दोष वेगळा सांगते. खण विरत कमी, पण सुटतो फार. त्याचे बुट्टे जादा उभ्या धाग्यांनी विणलेले असतात आणि उलट बाजूला हे धागे मोकळे तरंगत असतात. कापताच ते कडेने निसटू लागतात. खणाची पट्टी कापल्याबरोबर, दुसरी पट्टी कापण्याआधीच, कडेला झिगझॅग मारावा. मशीनला झिगझॅग नसेल तर कडेपासून दोन मिलिमीटरवर साधी टीप मारून ठेवावी. अस्तर खणालाही द्यावे, मात्र इथे ते फाटण्यासाठी नसून, उलट बाजूचे मोकळे धागे सेफ्टी पिनेत आणि इलॅस्टिकमध्ये अडकू नयेत यासाठी असते.

इलॅस्टिकची गाठ मारू नये. विणलेल्या इलॅस्टिकची गाठ हळूहळू सरकते, शिवाय ती कापडाला आतून एकाच जागी घासते. दोन्ही टोके दीड सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून तीन-चार वेळा पुढे-मागे टीप मारावी. आत रबर असल्यामुळे उष्णता आणि केसांचे तेल या दोन्हींनी इलॅस्टिक लवकर सैल पडते. म्हणून धुतलेल्या स्क्रंच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळत घालू नयेत, आणि तेल लावून रात्री वेणी घालताना सुती स्क्रंची वेगळी ठेवावी.

रंगाची परीक्षा कापण्याआधीच करावी. ओला पांढरा रुमाल कापडावर दोन मिनिटे दाबून धरला आणि त्यावर रंग उतरला, तर ती स्क्रंची ओल्या केसांना वापरू नये, असे देतानाच सांगून ठेवावे. रेशमी साडी कापण्यापूर्वी रिठ्याच्या किंवा सौम्य शाम्पूच्या थंड पाण्यात एकदा धुऊन सावलीत वाळवावी. डांबरगोळ्यांचा वासही त्याने बराच जातो.

ज्यांना चाप किंवा टिकटॉक पिनांवर कापडी बो लावायचा आहे, त्यांचा नेहमीचा प्रश्न बो गळून पडण्याचा असतो. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो, म्हणूनच तो गनमधून वाहतो. दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत तो पुन्हा मऊ होतो, आणि वर हेल्मेट किंवा स्कार्फचा दाब पडला की बो सुटतो. पिनेला आधी कापडाची अरुंद पट्टी घट्ट गुंडाळून शिवून घ्यावी आणि बो त्या पट्टीला टाक्यांनी जोडावा; गोंदाची गरजच पडत नाही.

आणि ज्यांच्या हातात आत्ता फाटलेलीच स्क्रंची आहे, त्यांनी ती टाकू नये. हातशिलाईची फट उसवून इलॅस्टिक काढून घ्यावे, लांब शिवण पूर्ण उसवून पट्टी सपाट करावी आणि उलट बाजूने कोमट इस्त्री फिरवावी. चिरेच्या दोन्ही कडा ओढून जवळ आणू नयेत, कारण त्याने शेजारच्या कापडावर नवा ताण येतो. त्या जशा आहेत तशा सुती अस्तरावर ठेवाव्यात आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच पुढे जाईल असा, गोधडीला घालतो तसा, सैल धावदोरा त्याच रंगाच्या बारीक सुती दोऱ्याने घालावा. टाके घट्ट ओढू नयेत. कापड अस्तरावर निजलेले दिसले पाहिजे. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा शिवावे. जुन्या टिपेच्या भोकांच्या ओळीवर नवी टीप मारू नये, ती आतल्या बाजूला तीन मिलिमीटर सरकवावी. स्क्रंची थोडी सडपातळ होते, एवढेच. नणंदेची जांभळी स्क्रंची मी अशीच दुरुस्त करून दिली, आणि चिरेच्या जागी आता चुण्यांमध्ये पाच-सहा जांभळे टाके आहेत, जे शोधले तरच सापडतात.